चौथ्या बाजाराची तपकीर

तपकीर ओढणाऱ्या माणसाशेजारी मी आजही बसत नाही. परवा एका लग्नात कुणी गृहस्थ माझ्या शेजारच्या खुर्चीवर येऊन टेकले, खिशातून डबी काढली, झाकणावर दोन टिचक्या मारल्या, आणि मी हातातलं ताट घेऊन तडक उठले. सून म्हणाली, "आई, लोक काय म्हणतील?" म्हणू देत. सत्तरी उलटली माझी, आता लोकांच्या म्हणण्याला मी भीक घालत नाही. त्या दोन टिचक्या कानावर पडल्या की माझ्या अंगाची आग होते. मी ज्या घरात वाढले तिथं हा आवाज दिवसभर यायचा, आणि त्याच्या मागोमाग शिंक. कोणाची शिंक कोणती हे मी चुलीपाशी बसून सांगू शकायची. रोजच्या गिऱ्हाइकांपैकी मास्तरांची तीन तुकड्यांत यायची, पैलवानांची एकच, पण तिनं फडताळातल्या बरण्या वाजायच्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, शिंकायचेच नाहीत. पक्का माणूस शिंकत नसतो, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे.

जालन्याच्या मस्तगडात आमचं दुकान होतं, पुढं दुकान आणि मागं घर. शेती कुंभार पिंपळगावाकडं होती, ती काकांच्या गळ्यात घालून अण्णा तरुणपणीच जालन्यात आले आणि कुण्या म्हाताऱ्याच्या हाताखाली तपकीर शिकले. शिकले म्हणजे काय, तर शेवटचं तेवढं शिकले. तंबाखूची पानं निवडायची, देठं काढून टाकायची, पानं भाजायची, दगडी खलात कुटायची, धोतराच्या जुन्या फडक्यातून गाळायची, पुन्हा कुटायची, ही सगळी ढोरमेहनत घरातल्या बायकांची. मग ती पूड परातीत यायची, त्यात तूप पडायचं आणि अण्णा दार लोटून घेऊन तळव्यानं ती मळायचे. ह्याला 'हात देणं' म्हणायचे. पाऊण तासाचं काम, पण दुकानातला कोणीही म्हणायचा, अण्णांच्या हाताला काय गुण आहे! दुसरे हात कोणाला दिसतच नव्हते. आमच्या घरात भाकरीला तपकिरीचा वास, येसराच्या आमटीला तपकिरीचा वास, माझ्या शाळेच्या वह्यांना तपकिरीचा वास. बाईंनी मला वर्गात खिडकीजवळ बसवलं होतं, ते हुशार म्हणून नव्हे. आणि अण्णांचे ते रुमाल! राखेनं घासून, उकळून, बडवून माझी बोटं सोलून निघायची आणि रुमाल मात्र होते तसेच पिवळे राहायचे.

कुटायला दोघी होत्या, माझी माय आणि शेवंता आत्या. आत्या अण्णांची धाकटी बहीण. तिचा नवरा लग्नानंतर तिसऱ्या वर्षी वारला आणि अंबडकडच्या तिच्या दिरानं तिला आमच्या दारात आणून सोडली. मला कळायला लागलं तेव्हापासून ती खलापाशीच बसलेली मला आठवते. उंच, हाडापेराची, कमी बोलणारी. कुटताना तिच्या ठोक्यात कधी खंड पडायचा नाही. फक्त महिन्यातले चार दिवस तिचा खल बंद, कारण अण्णांचा नियम कडक होता. बाहेरची झालेली बाई मालापासून दहा हात लांब. तिची सावली पडली तरी तपकीर नासते, असं ते म्हणायचे, आणि ते गिऱ्हाइकांनाही अभिमानानं सांगायचे. न्हाणीच्या मागं एक खोली होती, तिथं तीन दगडांची चूल आणि एक घोंगडी. मायची पाळी असली की माय तिथं आणि आत्या खलावर, आत्याची असली की उलटं. त्या खोलीकडं घरातला पुरुष फिरकायचा नाही. धुणं न्यायला रखमाबाई यायची, ती तेवढी आत जायची, आणि त्या दिवसांचे कपडे गाठोड्यात बांधून न्यायची. त्या गाठोड्याला कोणाचा हात लागायचा नाही, बघायचेसुद्धा नाहीत कोणी.

तर अशातच ती नवी तपकीर आली. पैलवान कुंभार पिंपळगावच्या आठवडी बाजारात बैल बघायला गेले होते, तिथून त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाची एक पुडी आणली. ना नाव, ना छाप. दुकानाच्या फळीवर बसून त्यांनी चिमूट भरली, ओढली आणि डोळे मिटून गप्प झाले. एरवी तो माणूस गप्प बसत नसे.

"काय झालं हो?" मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे निवृत्त झालेले, पंचांग खिशात बाळगणारे आणि जगातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं समजणारे.

"आधी ओढा. मंग बोला."

मास्तरांनी ओढली. तीन तुकड्यांतली शिंक आली नाही. "अरे, ही तर थंड लागून राह्यली! डोक्याच्या पार मागपर्यंत गेली. हिच्यात कापूर हाये."

"कापूर न्हाई. वाळा."

"वाळा कुठला आलाय, कस्तुरी हाये म्हना की एकदाची!" आतून अण्णा ओरडले. "नकली माल हाये तो. दोन दिवसांत नाकातून रगत येईल, मंग माह्याकडंच येसाल."

रक्त कोणाच्या नाकातून आलं नाही. पुडी संपली तेव्हा पैलवान खास तेवढ्यासाठी परत बाजाराला गेले, आणि हात हलवत आले. पुढच्या बाजाराला पण नाही. लसूण-मिरच्यांच्या ढिगापाशी बसणारी एक बाई ती विकायची, तिला विचारलं तर म्हणे एक माणूस आणून देतो, कधी देईल सांगता येत नाही. चौथ्या बाजाराला पुड्या पुन्हा आल्या आणि तासाभरात संपल्या. मग झालंच. आमच्या दुकानासमोर दुसरा विषय उरला नाही. कोण म्हणे हैद्राबादचा जुना अत्तरवाला आहे, कोण म्हणे फकीर आहे, बिलकुल बोलत नाही. कागद हुंगायचे, कागदावरची पूड जिभेला लावायचे, भिंग लावून बघायचे. शेतात कापूस वेचायला माणूस मिळेना आणि हे रिकामटेकडे नाकं वर करून बसलेले. मला त्यांना पाणी द्यायला बाहेर जावं लागायचं आणि प्रत्येक वेळी वाटायचं, तांब्या ह्यांच्या डोक्यावर उपडा करावा.

शोध लावला तो मास्तरांनी. चार-पाच महिने त्यांनी पंचांगावर खुणा केल्या आणि एका सकाळी आले ते धापा टाकत. "सापडलं! तिथी जुळत न्हाई, वार तर बाजाराचाच. पन मधले दिवस मोजा. सत्तावीस. दर बारीला! सत्तावीस म्हंजे काय?"

"काय?"

"नक्षत्रं! तो मानूस एकाच नक्षत्रावर कुटतो. म्हून तर एवढा गुन हाये. लई पोचलेला मानूस हाये हा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ह्या मास्तरांच्या घरी बायको आणि दोन सुना. दर महिन्याला ह्यांच्या घरी कोणी ना कोणी कोपऱ्यात बसायची, ह्यांना पाणी स्वतःच्या हातानं ओतून घ्यावं लागायचं, आणि त्या सत्तावीस दिवसांचा अर्थ ह्यांना आभाळात सापडला! अर्थात तेव्हा मला तरी कुठं कळलं होतं. मीही पाणी देता देता ऐकलं आणि नक्षत्रं खरी मानली.

कळलं ते मी स्वतः त्या खोलीत गेले तेव्हा. चौदावं लागलं होतं मला. मायनं डोक्यावरून हात फिरवला, रडली का कोण जाणे, आणि मला न्हाणीमागं पाठवलं. आत आत्या होतीच, तिचा पहिला दिवस. मी दारात उभी राहून हमसत होते आणि ती तव्यावर काहीतरी परतत होती. वास आला. घरच्या तपकिरीचा नव्हे, दुसराच. मी हुंदका गिळला आणि बघत राहिले. अण्णा जी देठं उकिरड्यावर टाकायला लावायचे ती तिनं महिनाभर साठवून ठेवलेली, ती तव्यावर खरपूस होत होती. शेजारी मरव्याची वाळलेली पानं, एका चिंधीत नाकाला थंड लागणारं ओव्याचं फूल. कोपऱ्यात तिच्या सासूचा लहानसा लोखंडी खल. पुढं माय कुटत होती, आणि आत्या मायच्या ठोक्यावर ठोका धरून कुटायला लागली. बाहेर एकच खल ऐकू यायचा.

"तूच?" मी म्हणाले.

"बस खाली. आन् तोंड मिट." तिनं चिमूटभर पूड मनगटावर चोळली, हुंगली, थोडं ओव्याचं फूल वाढवलं. ती स्वतः कधी ओढायची नाही. "रखमाबाईची लेक बसती तिकडं बाजारात. ह्या गाठोड्यात जातं सगळं. ह्या गाठोड्याला कोन हात लावतंय?"

मी जी हसले! चार दिवस आम्ही दोघी त्या खोलीत होतो आणि मला वाटतं माझ्या लहानपणातले तेच चार दिवस सुखाचे. आत्या तिथं वेगळीच होती. बोलायची, गाणं पुटपुटायची, कारळाची चटणी लावून भाकरीचा चुरा करून मला द्यायची. मी तिला मास्तरांची नक्षत्रं सांगितली तेव्हा ती पदर तोंडात कोंबून लोळली. मग तिनं मला जवळ घेऊन सांगितलं. रखमाबाईच्या लेकीनं तिच्याच घराशेजारची खोली बघून ठेवली होती. दिवाळी झाली की आत्या कुंभार पिंपळगावला जाणार, बाजारात अर्धा ओटा तिचा, आपल्या हातानं कुटणार, आपल्या तोंडानं विकणार. "कोन्या भावाच्या दारात न्हाई अन् कोन्या दिराच्या न्हाई. माहं घर. दिवाळीपस्तोर एक शब्द काढू नको, बाई. अण्णाला कळलं तर मला जित्ती ठेवायचा न्हाई." मी तिच्या गळ्याची शपथ घेतली.

शपथ मी पाळली, पाच महिने पाळली. सोपं नव्हतं ते. पुढं ते बसून चघळायचे आणि मी तांब्या टेकवून हसू दाबत आत पळायची. अण्णा नकली-नकली म्हणून ओरडायचे आणि मागं कोठीत जाऊन तीच तपकीर ओढायचे, मी दोनदा पाहिलं. त्यांचा धंदा बसत चालला होता. मग त्यांनी काय करावं? नवरात्राआधीच्या बाजाराला माणूस पाठवून सगळ्या पुड्या उचलून आणल्या, परातीत रित्या केल्या, वर गुलाबाचं अत्तर शिंपडलं आणि आपल्या नावाच्या डब्या छापायला टाकल्या.

खंडेनवमीला आमच्याकडं खलबत्त्याची पूजा असायची. दुकान सारवून, झेंडूच्या माळा लावून, मधोमध दगडी खल धुऊन मांडलेला, त्याला हळदकुंकू. पुढं ती परात. सकाळी दहाच्या सुमारास सगळे शौकीन जमले. अण्णा नवं धोतर नेसून बसले होते. त्यांनी खाकरून सुरुवात केली. "इतके दिवस बोललो न्हाई. परीक्षा पाहू म्हनलं तुमची. ती पुडी माहीच हाये. ह्या हाताची!" आणि त्यांनी तळवा वर करून दाखवला. पैलवान उठून त्यांच्या पाया पडले. मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तरीच! तरीच म्हनलं, असा हात जालन्यात दुसरा कोनाचा! नक्षत्र कोनतं धरता?" अण्णांनी नुसतं हसून वर बोट दाखवलं. चिमटीनं चिमटीनं परात फिरली. सगळे ओढत होते, डोळे मिटत होते, वाहवा करत होते.

आत्या त्या दिवशी मागच्या खोलीत होती, पहिला दिवस. तिला काय कल्पना! ती तांब्या भरायला न्हाणीपर्यंत आली असेल, मधल्या दारातून तिचा पदर दिसला. अण्णा कडाडले, "ए! दाराआड हो! आज खलाची पूजा हाये, मालावर सावली पाडती का? अक्कल हाये का न्हाई?" आणि गिऱ्हाइकांकडं वळून, "ह्या बायकांना किती सांगा, बराबर मोक्याला कडमडत्यात."

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. तो मी खाली ठेवला. नीट आठवतं, आपटला नाही, ठेवला. "अण्णा, ही तपकीर आत्याची हाये," मी म्हणाले. "देठांची. ती बाहेरची असताना मागच्या खोलीत कुटती. दर महिन्याला, त्याच चार दिवसांत. मास्तर, सत्तावीस नक्षत्रं न्हाईत हो ती. घरी जाऊन बायकोला इचारा."

मग पैलवानांच्या नाकातून ती एक शिंक आली आणि सगळे एकदम उठले. मास्तर नळाकडं पळाले आणि नळाखाली डोकंच घातलं, पंचांग भिजलं. पैलवान ओट्यावर बसून नाक शिंकरत होते, शिंकरत होते, आणि 'गोमूत्र आना, कोनी गोमूत्र आना' म्हणत होते. एक जण ओकला. अण्णांचा तो वर केलेला तळवा, तो त्यांना कुठं ठेवावा कळेना, ते नव्या धोतराला पुसत बसले. मग त्यांनी परात उचलून नालीत पालथी केली. मी भिंतीला टेकून हसत होते. मायनं मला आत ओढलं आणि तोंडावर हात दाबून धरला.

अण्णा मागच्या खोलीच्या दारापर्यंत धावले आणि उंबऱ्याशी थांबले. आत जाता येईना. तिला हात लावता येईना. बाहेर उभे राहून शिव्या देत राहिले आणि शेवटी म्हणाले, "चौथ्या दिवशी न्हाऊन घे, अन् नीघ." म्हणजे बहिणीला घराबाहेर काढायची तर तीही शुद्ध झाल्यावर! असा तो माणूस. तो वारल्यावर मी रडले नाही, आणि आजही त्याचं मला वाईट वाटत नाही.

पण ती गोष्ट नुसती मस्तगडात थोडीच राहणार होती. बाजाराच्या आधी ती कुंभार पिंपळगावला पोचली. तिसऱ्या दिवशी रखमाबाई आली, नेहमीसारखी आत गेली नाही, अंगणातूनच बोलली. तिच्या लेकीचा लसूण कोणी घेईना, मिरच्या घेईना, पुरुषांनी येऊन ओटा उधळला होता. "आता खोलीचं काही इचारू नका, शेवंताबाई. माह्या लेकीलाच तिथं राहायची पंचाईत झाली." एवढं बोलून ती गेली, गाठोडं न घेता. आत्यानं ते कपडे स्वतः धुतले. अंबडकडच्या दिराला निरोप गेला. त्याला शेतात राबायला माणूस हवंच होतं, तो न्यायला तयार झाला. पुढची वीस-बावीस वर्षं ती त्याच्या शेतात खुरपत आणि कापूस वेचत राहिली. मी शिकले, शाळेत नोकरी लागली, आणि दोनदा तिला भेटायला गेले. दोन्ही वेळा तिच्या जावेनं सांगितलं, ती रानात गेली आहे. दुसऱ्या वेळी मला तिची चप्पल दारात दिसली होती.

आजवर ही हकीकत मी खूप जणांना सांगितली आहे. बायकांच्या सभांतून सांगितली, टाळ्या घेतल्या. चौदा वर्षांची मुलगी भर दुकानात बापाला बोलते, कोणाला आवडणार नाही? पण तिथं मी ती नेहमी परातीपाशीच संपवायची. चौथ्या दिवसाचं मी कुठं बोलले नाही.

चौथ्या दिवशी आत्या न्हाली. ओले केस तसेच बांधले. बाहेर बैलगाडी उभी होती आणि अण्णा पाठ करून दारात. मी खोलीत गेले. मला वाटलं होतं ती मला मारेल, आणि मारावं असंही वाटत होतं. ती लोखंडी खल चिंधीत गुंडाळत होती, मग काय मनात आलं, तो तिनं कोपऱ्यातच ठेवून दिला.

"येक इचारते. माह्यासाठी बोललीस का?"

"व्हय. तुह्यासाठीच. ते तुला तसं बोलले म्हून."

"खरं सांग."

मी कोपऱ्यातल्या खलाकडं पाहिलं.

"त्यायची तोंडं पाह्याची व्हती," मी म्हणाले.

"पाह्यली?"

"पाह्यली."

"कशी व्हती?"

आणि मी सांगितलं. आधी हळू, मग रंगात येत. मास्तर नळाखाली कसे वाकले ते वाकून दाखवलं, पैलवानांचं नाक, अण्णांचा तळवा, सगळं हुबेहूब. मला वाटलं आता ती पदर तोंडात कोंबेल. ती उभी राहून शेवटपर्यंत बघत होती, एकदाही मधे बोलली नाही. मग तिनं गाठोडं काखेत घेतलं आणि ती निघाली. मी अजून हसत होते.